विमानाचं फ्युएल गेज नेमकं काय मोजतंय: दोन पाइपांच्या प्रोबपासून कॉकपिटपर्यंत

टाकीत उतरून फ्युएलचं वजन करणारं काहीच विमानात नसतंय. गेज मोजतंय दुसरंच काहीतरी, कधी फ्लोटच्या दांडीचा कोन, कधी दोन नळ्यांमधला कपॅसिटन्स (चार्ज धरायची ताकद), आणि त्यावरून हिशेब करून किलोचा आकडा दाखवतंय. एवढं एक नीट समजलं की फ्युएल इंडिकेशनचा अर्धा विषय सुटतो, कारण गेजची जेवढी म्हणून गडबड होते ती सगळी या हिशेबातच कुठेतरी होते.

हे लिहितोय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या पोरापोरींसाठी, जे दहावीपर्यंत मराठीतनं शिकून डिप्लोमाला किंवा एएमईच्या (विमान मेंटेनन्स इंजिनिअरच्या) कोर्सला जातात आणि तिथं एकदम जाडजूड इंग्लिश मॅन्युअल समोर येतंय. विषय अवघड नाहीये, सांगणारा पाहिजे. आणि आपल्याकडं आता विमानाचं वातावरण आहे की, सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, एटीआर आणि एम्ब्राएरची विमानं उतरतात, हत्तरगीला एरोस्पेसचे पार्ट बनतात, 2021 मध्ये विमानतळ प्राधिकरणानं फ्लाइंग ट्रेनिंगसाठी जे पाच विमानतळ निवडले त्यातही बेळगाव होतं.

आधी फ्लोटवालं साधं गेज

बाइकच्या टाकीत जे असतंय तेच बघा, फक्त विमानात. हलका फ्लोट फ्युएलवर तरंगतो, त्याला दांडी, दांडीच्या टोकाला रेझिस्टन्सवर सरकणारा वायपर. लेव्हल खाली गेली की फ्लोट खाली, रेझिस्टन्स बदलला, करंट बदलला, काटा हलला. सेस्ना 172 या छोट्या विमानात हेच तत्त्व आहे, दोन पंखांत दोन टाक्या आणि प्रत्येकीचा वेगळा काटा.

यात कच्चे दुवे कुठले ते लक्षात ठेवा. वायपर रोज त्याच पट्ट्यात घासून तिथला रेझिस्टन्स झिजतो, मग काटा मध्येच उडी मारतो. अर्थिंगचा नट सैल झाला किंवा गंजला की सर्किटमध्ये जास्तीचा रेझिस्टन्स येतो आणि काटा खोटं बोलायला लागतो, म्हणून सेंडर (फ्लोट, दांडी, वायपरचा हा सगळा सेट) बदलायच्या आधी अर्थिंग तपासायचं, कैक वेळा तिथंच काम होतंय. शिवाय पंखातली टाकी चपटी आणि लांब असते, विमान जरा कलंडलं की फ्युएल एका बाजूला जातंय आणि फ्लोट बिचारा एकाच जागी बसलेला.

एक गैरसमज फार फिरतो, की छोट्या विमानाचं गेज फक्त शून्यावर बरोबर असलं तरी कायद्याला चालतंय. नियम असा नाहीये. अमेरिकेच्या छोट्या विमानांच्या नियमात 2017 पर्यंत लिहिलेलं होतं ते असं, की विमान लेव्हल उडत असताना टाकीत फक्त न वापरता येणारं फ्युएल उरलं की काटा शून्यावर आला पाहिजे. म्हणजे शून्य कुठं लावायचं ते सांगितलंय, बाकी ठिकाणी काहीही दाखवलं तरी चालेल असं कुठं म्हटलेलं नाही. सेस्ना 172 एसमध्ये एकूण 56 गॅलन मावतंय, पण वापरता येतंय 53. उरलेले तीन गॅलन, म्हणजे अकरा लिटरच्या वर, टाकीत असूनही कामाचे नाहीत, आणि काट्याचं शून्य त्या तीन गॅलनवर बसलेलं असतंय.

आता प्रोब स्वतः बनवा

मोठ्या विमानात फ्लोट नसतो, कपॅसिटन्स प्रोब असतो. वाचून हे डोक्यात बसत नाही, हातानं केलं की बसतंय, म्हणून इथं जरा जास्त वेळ घालवू या.

साहित्य असं घ्या: अ‍ॅल्युमिनियमची एक नळी बाहेरून 12 मिलिमीटर, दुसरी नळी आतून 16 मिलिमीटर, दोन्ही 50 सेंटिमीटर लांब. हार्डवेअरच्या दुकानात नेमकं माप मिळालं नाही तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागात कुणा ओळखीच्या टर्नरकडून टोकं नीट करून घ्या. नायलॉनच्या पातळ पट्ट्या स्पेसरला, म्हणजे आतली नळी बाहेरच्या नळीला कुठंच टेकणार नाही. कपॅसिटन्स मोजणारा मीटर, 2 नॅनोफॅरडची रेंज असलेला, शक्यतो एलसीआर मीटर. आणि एक उंच अरुंद डबा.

बाहेरच्या नळीला तळाशी दोन-तीन भोकं पाडा म्हणजे तेल आत येईल, आणि वर एक भोक पाडा म्हणजे हवा निघेल. वरचं भोक विसरलं तर आत हवा अडकते आणि लेव्हल बाहेर वेगळी, नळीत वेगळी. दोन्ही नळ्यांना एकेक वायर जोडा, वायर आखूड ठेवा. नळ्यांना न जोडता फक्त वायरीचा कपॅसिटन्स किती येतोय तो आधी लिहून ठेवा, तो दरवेळी वजा करायचा.

आता कोरड्या प्रोबचं रीडिंग घ्या. गणितानं ते 97 पिकोफॅरडच्या जवळ यायला पाहिजे. स्पेसरमुळं दोन-चार जास्त येईल, ते चालतंय. खूपच जास्त आलं किंवा मीटर शॉर्ट दाखवायला लागला तर आतली नळी कुठंतरी टेकलेली आहे, काढून बघा.

मग डब्यात साधं खायचं तेल, सूर्यफुलाचं वगैरे, थोडं थोडं ओतत जा. पेट्रोल अजिबात वापरू नका, ते घरात खेळायचं काम नाही. प्रत्येक पाच सेंटिमीटरला रीडिंग लिहा आणि ग्राफ काढा, जवळजवळ सरळ रेघ येते. खायच्या तेलाचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (हवेच्या किती पट चार्ज धरता येतो तो आकडा) तीनच्या आसपास असतो, म्हणून पूर्ण बुडाल्यावर रीडिंग तिप्पट, साधारण 290 ते 300 पिकोफॅरड होतंय. का होतंय? हवेचा कॉन्स्टंट 1, तेलाचा 3. दोन नळ्यांच्या फटीत जेवढी हवा जाऊन तेल आलं तेवढा चार्ज धरायची ताकद वाढली. यात हलणारा पार्ट एकही नाही, घासायला काही नाही, अडकायला काही नाही, आणि विमानवाल्यांना हे एवढं आवडलं ते याचसाठी.

आता खरी गंमत. प्रोब पुसून, सुकवून, तेवढ्याच लेव्हलला डिझेलमध्ये बुडवा, उघड्यावर, जवळपास आग नको आणि डिझेल गरम तर बिलकुल करायचं नाही. पूर्ण बुडाल्यावर रीडिंग येतंय 200 ते 210 च्या घरात, कारण डिझेल-केरोसीन जातीच्या इंधनाचा कॉन्स्टंट 2.1 च्या आसपास. लेव्हल तीच, नळ्या त्याच, आकडा वेगळा! म्हणजे आत कुठलं इंधन आहे हे माहीत नसेल तर नुसत्या कपॅसिटन्सवरून लेव्हल सांगता येत नाही. यावर उपाय काय केलाय ते पुढं येतंय.

आणखी दोन प्रयोग याच डब्यात करून घ्या. एक, तेलाच्या डब्यात चार-सहा चमचे पाणी टाका आणि पाणी तळाशी, प्रोबच्या टोकापर्यंत बसू द्या. पाण्याचा कॉन्स्टंट 80 च्या आसपास आणि नळाचं पाणी वीजही वाहतंय, त्यामुळं मीटर भलतंच काहीतरी दाखवायला लागतो. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवा कायम ओली, अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी धरतंय. रोज सकाळी तळाच्या ड्रेनमधून सॅम्पल काढायचं ते आधी इंजिनच्या काळजीनं, पण गेजसाठीसुद्धा ते तेवढंच गरजेचं आहे. 172 एसला असे 13 ड्रेन पॉइंट आहेत, आणि पावसाळ्यात कंटाळा करून दोन-चार बघून सोडून द्यायचे दिवस नसतात.

दुसरा प्रयोग, डबा तिरका करा. लेव्हल एका बाजूला चढते आणि प्रोबचं रीडिंग बदलतंय, खरं तर तेल तेवढंच आहे. आता असे दोन प्रोब दोन टोकांना लावून दोन्हींची बेरीज घेतली तर एकाचं वाढलेलं दुसऱ्याच्या कमी झालेल्यातनं भरून निघतंय. विमानात प्रत्येक टाकीत एकापेक्षा जास्त प्रोब का असतात ते इथं कळतंय. पंख जिथं जाड तिथं लांब प्रोब, टोकाकडं आखूड, आणि टाकीचा आकार वेडावाकडा असतो म्हणून काही प्रोबची आतली नळी मुद्दाम कमी-जास्त जाडीची करतात, किंवा मग तो सगळा हिशेब कॉम्प्युटरमध्ये घालतात.

लिटर नाही, किलो का

इंजिनला ऊर्जा लागते आणि ती वजनाच्या हिशेबात मिळते, व्हॉल्यूमच्या नाही. जेट ए-1 ची डेन्सिटी 15 अंशाला लिटरमागे 0.775 ते 0.840 किलो एवढी चालते, आणि तापमान वाढलं की इंधन फुगून डेन्सिटी उतरते. एप्रिलच्या दुपारी सांबऱ्याच्या ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) आणि पावसाळी पहाटे, लिटर तेवढेच घेतले तरी किलो तेवढे येत नाहीत. वीस अंशांचा फरक पडला की जवळपास दोन टक्क्यांचा फरक.

इथं कपॅसिटन्सची एक सुंदर सोय आहे. इंधन तापून फुगलं की लेव्हल वर जाते, पण पातळ झाल्यामुळं त्याचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट खाली येतो. कॉन्स्टंटमधून एक वजा करून त्याला डेन्सिटीनं भागलं तर उत्तर तापमान बदललं तरी जवळपास तेवढंच राहतंय. म्हणजे दोन्ही बदल एकमेकांना खाऊन टाकतात आणि प्रोब आपोआप वजनाच्या जवळ जाणारा आकडा देतो. तरी वेगवेगळ्या रिफायनरीच्या इंधनात थोडा फरक राहतोच, म्हणून टाकीच्या तळाशी एक कायम बुडालेला छोटा प्रोब ठेवतात, त्याला कॉम्पेन्सेटर म्हणतात. तो लेव्हल बघत नाही, फक्त आत्ताच्या इंधनाचा कॉन्स्टंट किती ते सांगतो. आपल्या खायचं तेल आणि डिझेलच्या प्रयोगातली अडचण हाच सोडवतो. काही विमानांत डेन्सिटी मोजणारा वेगळा सेन्सरही असतो. बोइंग 777 मध्ये तर कपॅसिटन्स सोडून अल्ट्रासोनिक प्रोब वापरलेत, खालून आवाज सोडायचा आणि पृष्ठभागावरून परत यायला किती वेळ लागला त्यावरून लेव्हल काढायची.

टाकीतनं कॉकपिटपर्यंत

प्रोबला दोन वायरी असतात, लो-झेड आणि हाय-झेड. लो-झेडवरून एसी सिग्नल पाठवायचा, हाय-झेडवरून प्रोबमधून आलेला बारीक करंट परत घ्यायचा. हा करंट इतका छोटा की वायर उघडी ठेवली तर आजूबाजूचा सगळा कचरा त्यात घुसेल, म्हणून हाय-झेड शिल्डेड असते. जुन्या विमानांत ब्रिज सर्किट आणि मोटर काटा फिरवायची, आता प्रोसेसर सगळ्या प्रोबचे आकडे घेऊन, कॉम्पेन्सेटरचा हिशेब लावून किलो काढतो.

ट्रबलशूटिंग करताना बऱ्याचदा प्रोब ठीक असतो आणि दोष कनेक्टरमध्ये निघतो. एका प्रोबची वायर तुटली तर त्या टाकीचा आकडा कमी येतो किंवा डिस्प्ले ब्लँक होतो. कनेक्टरमध्ये ओल गेली की आकडा नाचतो, सकाळी वेगळा, दुपारी ऊन पडल्यावर बरोबर. पाणी तळाशी साचलं की आकडा फुगतो. या खुणा आधी लॉगबुकात शोधा, तक्रार कुठल्या वेळी, कुठल्या हवामानात येते ते बघा, नंतर पार्ट काढायला हात घाला.

आणि इन्सुलेशन तपासायला साधा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) टाकीच्या वायरीला लावायचा नाही, कधीच नाही. या सिस्टिमसाठी ठरवून दिलेला टेस्ट सेटच वापरायचा. इंधनाची वाफ पेटायला 0.2 मिलिजूलच्या आसपास ऊर्जा पुरते, डोळ्याला धड दिसणारही नाही एवढी ठिणगी. 17 जुलै 1996 ला न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए 800 या बोइंग 747 ची मधली टाकी फुटली, 230 माणसं गेली. ठिणगी नेमकी कशानं पडली हे पक्कं सिद्ध झालं नाही, पण तपासात सगळ्यात शक्य कारण निघालं ते असं, की टाकीबाहेर कुठंतरी शॉर्टसर्किट होऊन जास्तीचा व्होल्टेज फ्युएल गेजच्या वायरीतून आत गेला. गेजच्या हार्नेसला (वायरींच्या जुडग्याला) दुसऱ्या वायरींपासून वेगळं का बांधायचं, क्लॅम्प कुठं आणि किती अंतरावर, हे मॅन्युअल एवढं बारकाईनं सांगतंय ते याच्यासाठी.

गेज बंद असेल तर काठी

छोट्या विमानात टाकीच्या तोंडातून डिपस्टिक घालून बघायची. काठी त्याच विमानासाठी खुणा केलेली पाहिजे, जमीन सपाट पाहिजे. मोठ्या विमानात पंखाच्या खालून मॅग्नेटिक स्टिक असते. टाकीत एका नळीभोवती मॅग्नेट बसवलेला फ्लोट सरकतो, खालून लॉक सोडला की काठी खाली घसरते आणि तिचं टोक फ्लोटच्या मॅग्नेटला येऊन अडकतंय, जेवढी बाहेर आली तेवढा आकडा वाचायचा. मग विमान किती कललंय ते बघायचं, टेबलमध्ये तो आकडा आणि कल टाकून लिटर काढायचे, डेन्सिटी घेऊन लिटरचे किलो करायचे. हा शेवटचा गुणाकार सगळ्यात धोक्याचा.

23 जुलै 1983, एअर कॅनडा 143, बोइंग 767. प्रोसेसरच्या एका चॅनलमध्ये कच्चं सोल्डरिंग होतं, त्यावर काढलेला तात्पुरता तोडगा मध्येच मोडला गेला आणि कॉकपिटमधली गेजं ब्लँक. मग काठीनं मोजलं, टाकीत 7682 लिटर निघाले. पाहिजे होते 22300 किलो. आता वही काढा आणि तुम्हीच करा.

त्यांनी लिटरला 1.77 नं गुणलं. 7682 गुणिले 1.77, आले 13597. तेवढे किलो आहेत समजून 22300 मधून वजा केले, उरले 8703, त्याला परत 1.77 नं भागलं, 4917 लिटर भरले आणि निघाले. पण 1.77 हा लिटरचे पाउंड करायचा आकडा! किलोसाठी 0.803 पाहिजे होता. बरोबर हिशेब असा, 7682 गुणिले 0.803 म्हणजे 6169 किलो, कमी पडतात 16131 किलो, म्हणजे जवळपास 20088 लिटर भरायला पाहिजे होते. 41000 फुटांवर फ्युएल संपलं. 69 माणसं होती, कॅप्टन रॉबर्ट पियर्सन यांनी ते भलंमोठं विमान ग्लायडरसारखं नेऊन गिमलीच्या जुन्या एअरफोर्स धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले.

यातनं सवय एकच लावून घ्या, आकड्यापुढं युनिट लिहिल्याशिवाय गुणाकार करायचा नाही. आणि उत्तराकडं डोळ्यानं बघायचं. जेट फ्युएल पाण्यापेक्षा हलकं, लिटरचे किलो केले की आकडा कमीच आला पाहिजे. 7682 लिटरचे 13597 किलो झाले की तिथंच पेन खाली ठेवायचं.

पावतीशी ताळा

भरल्यानंतरचा ताळा आपल्या सांबऱ्याला येणाऱ्या एटीआरवरच करून बघू. समजा भरायच्या आधी गेजवर 900 किलो, भरल्यावर 2100. गेज म्हणतंय 1200 किलो आले. डेन्सिटी 0.79 असेल तर 1200 भागिले 0.79, म्हणजे साधारण 1519 लिटर. बाउझरच्या (फ्युएलच्या टँकरच्या) पावतीवर 1500-1540 च्या घरात आकडा असेल तर ताळा बसला, किती फरक चालतो ते ऑपरेटरच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतंय. पावतीवर 1100 लिटर असतील तर दोघांपैकी एक चुकतंय, आणि ते कळेपर्यंत विमान हलवायचं नाही, उशीर झाला तर झाला.

6 ऑगस्ट 2005 ला ट्युनिशियाच्या ट्युनइंटर कंपनीच्या एटीआर 72 मध्ये हाच ताळा राहिला. आदल्या दिवशी गेज बदललं होतं, बसवलं ते एटीआर 42 चं. दिसायला सारखं, कनेक्टर बसतंय, पण आतला हिशेब 42 च्या टाकीचा आणि 42 च्या प्रोबचा, त्यामुळं ते खऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दाखवत होतं. आकडा अपेक्षेपेक्षा जास्त दिसला म्हणून पावती शोधली गेली, ती मिळाली नाही, मिळणार कशी, तेवढं फ्युएल कुणी भरलंच नव्हतं. फ्युएल संपून विमान सिसिलीजवळ समुद्रात उतरलं, 39 पैकी 16 जण गेले. आणि लो लेव्हलची वॉर्निंग? ती त्याच गेजमधून निघत होती, त्यामुळं तीही गप्प राहिली. पार्ट नंबर वाचताना शेवटच्या डॅशनंतरचे आकडे धरून वाचायचे ते यासाठी. स्टोअरमधनं आलंय, बसलंय, दिवा लागलाय, एवढ्यावर सही करायची नाही.

हवेत असताना

हवेत काठी घालता येत नाही, पण दुसरा साक्षीदार असतो, फ्लो मीटर. इंजिनकडं किती किलो गेलं ते तो मोजत असतो आणि त्याचा प्रोबशी काही संबंध नाही. म्हणून ठराविक वेळानं बेरीज करायची: गेजवरचं उरलेलं अधिक वापरलेलं, हे निघतानाच्या आकड्याएवढं आलं पाहिजे. बेरीज कमी कमी होत चालली तर इंधन इंजिनकडं न जाता बाहेर जातंय, म्हणजे लीक. बेरीज वाढायला लागली तर गेज किंवा फ्लो मीटर यातलं एक बिघडलंय.

24 ऑगस्ट 2001 ला एअर ट्रान्सॅट 236 या एअरबस ए330 चं उजव्या इंजिनकडचं फ्युएल अटलांटिकवर गळत होतं. गेज खरं बोलत होतं, क्रूला ते आधी कॉम्प्युटरची चूक वाटली, दोन्ही बाजूंचा फरक भरून काढायला क्रॉसफीड (एका बाजूचं फ्युएल दुसऱ्या बाजूला देणारा व्हॉल्व्ह) उघडला आणि चांगल्या बाजूचं इंधनही गळतीकडं गेलं. दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर विमान तरंगत अझोर्समधल्या लाजेसला उतरलं, 306 च्या 306 वाचले. इम्बॅलन्स दिसला की क्रॉसफीडच्या स्विचला हात लावायच्या आधी ही बेरीज करा, आणि बेरीज कमी येत असेल तर क्रॉसफीड बंदच ठेवून लीकची चेकलिस्ट काढा.